भात्यावरचा हात पट्ट्यांवर आणताना: प्रौढ वयात ऑनलाइन पियानो शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पियानो असलेले घर शोधावे लागते, पेटी असलेले घर शोधावे लागत नाही. पेठेतल्या भजनी मंडळात, गणपतीच्या आरतीला किंवा आजोबांच्या खोलीतल्या लाकडी खोक्यावर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी बोटे फिरवलेली असतात. हार्मोनियमवादनासाठी नावाजलेले गोविंदराव टेंबे याच गावातल्या संगीतात रमले आणि १९२९ साली येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या सुरुवातीच्या बोलपटांना त्यांनीच संगीत दिले. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत कीबोर्ड घेऊन ऑनलाइन शिकवणी लावणारा इथला माणूस सहसा अगदी कोरा नसतो. ‘काळी चार’ (सप्तकातली चौथी काळी पट्टी) म्हणजे काय ते त्याला ठाऊक असते, चाल कानात पक्की असते आणि सूर चुकला तर तो स्वतःच दचकतो. अडचण नेमकी येथूनच सुरू होते, कारण त्याचा उजवा हात पहिल्याच आठवड्यात मुखडा वाजवू लागतो आणि डावा हात मात्र जन्मभर भाता ओढत आलेला असतो.

मी स्वतः राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी हे शिक्षण सुरू केले आणि पहिले चार महिने जवळजवळ वाया घालवले. पुढे जे लिहिले आहे ते ज्यांना मैफल गाजवायची नाही, परीक्षाही द्यायची नाही, परंतु आवडती गाणी दोन्ही हातांनी नीट वाजवायची आहेत, अशांसाठी आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा एबीआरएसएम या परीक्षा मंडळाच्या आठ ग्रेडचा मार्ग उत्तम आहे, पण तो वेगळा आहे आणि त्याला वेगळी शिस्त लागते.

वाद्य घेताना

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, त्यांपैकी ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. म्हणजे सव्वासात सप्तके झाली. गाणी वाजवण्यासाठी ६१ पट्ट्यांचा, पाच सप्तकांचा कीबोर्ड पहिली दोन वर्षे पुरतो. मात्र एका गोष्टीत तडजोड करू नये, ती म्हणजे पट्टी जोरात किंवा हळू दाबल्यावर आवाज त्याप्रमाणे लहान-मोठा होणे. दुकानदार याला ‘टच सेन्सिटिव्ह’ म्हणतात. मी घेतलेल्या पहिल्या कीबोर्डात शेकडो वाद्यांचे आवाज, ढोलकीचे ठेके आणि चमचमणारे दिवे होते. फक्त ही सोय नव्हती आणि ती नाही हे मला विकत घेताना कोणी सांगितले नाही. अर्थात मीही विचारले नाही. सहा महिन्यांत तो भाचीला देऊन टाकावा लागला.

या सोयीचे महत्त्व पेटीवाल्याला चटकन पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पेटीत पट्टी कशीही दाबली तरी जोर ठरतो तो भात्यावर, आणि पट्टी दाबलेली असून हवा चालू आहे तोवर सूर अखंड राहतो. इटलीतल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास जे वाद्य घडवले, त्यात पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळून लगेच मागे येते. आघात जितका वेगवान तितका आवाज मोठा, आणि उमटलेला सूर त्या क्षणापासून विरू लागतो. ‘पियानोफोर्ते’ या इटालियन नावाचा अर्थच मुळी ‘हळू-जोरात’ असा आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यात तारा नसल्या तरी पट्टी किती वेगाने खाली गेली हे मोजून तोच परिणाम साधला जातो. म्हणून पियानोवर जे काम बोटांनी करायचे, ते पेटीवर भाता करत होता, हे नवशिक्याने पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावे. पेटीची सवय असलेल्यांना पियानो सुरुवातीला ‘कोरडा’ वाटतो तोही याचमुळे, आणि त्यावर सूर लांबवणारे पायातले सस्टेन पेडल हा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा उपाय डाव्या हातात आहे.

ज्यांची ऐपत आणि जागा आहे त्यांनी ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो जरूर घ्यावा. किंमत साध्या कीबोर्डाच्या कित्येक पट पडते, म्हणून आधी सहा महिने आवड टिकते का ते पाहावे. स्टँड आणि हेडफोन मात्र पहिल्याच दिवशी घ्यावेत. हेडफोन तारेचा असावा, कारण ब्लूटूथच्या हेडफोनवर पट्टी दाबल्यानंतर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि तेवढ्याने ताल बिघडतो. घेण्यापूर्वी कीबोर्डाचे हेडफोनचे भोक लहान आहे की जाड पिनचे, तेही पाहून घ्यावे.

बसण्याबाबत नियम एकच: कोपर पट्ट्यांच्या पातळीत यावे. पलंगावर मांडी घालून, कीबोर्ड गादीवर ठेवून शिकणारे मी पाहिले आहेत, पेटीची बैठक तशीच असते म्हणून. या बैठकीत मनगटे वर मुडपतात आणि महिनाभरात दुखू लागतात. नखे कापलेली असावीत. दुखले की थांबावे.

शिकवणी निवडताना

ऑनलाइन शिकण्याचे ढोबळ चार मार्ग आहेत: शिक्षकांसमोर व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष तासिका, आधीच चित्रित केलेला क्रमवार अभ्यासक्रम, पट्टी बरोबर दाबली का हे ऐकून सांगणारे ॲप, आणि मोफत व्हिडिओ. यांपैकी शेवटच्या मार्गाने माझे चार महिने गेले. रात्री जेवण झाल्यावर एखाद्या गाण्याचा व्हिडिओ लावायचा, वरून रंगीत पट्टे पट्ट्यांवर पडताना पाहायचे आणि तसतसे बोट ठेवायचे. अशी अकरा गाण्यांची तोंडे मला येऊ लागली, पूर्ण गाणे मात्र एकही आले नाही. पडत्या पट्ट्यांच्या व्हिडिओत कोणती पट्टी दाबायची हे कळते, पण कोणत्या बोटाने, कोणत्या मात्रेवर आणि का, हे कळत नाही. व्हिडिओ बंद केला की डोळ्यांपुढचे पट्टे जातात आणि त्यांच्याबरोबर गाणेही जाते. आधीच येत असलेल्या गाण्यातला एखादा अवघड तुकडा तपासायला हे व्हिडिओ उपयोगी आहेत. शिकण्यासाठी नाहीत.

माझा सल्ला असा की निदान पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष शिक्षक असावेत आणि मधल्या दिवसांत चित्रित अभ्यासक्रमाचा आधार घ्यावा. शिक्षक पुण्यातले असोत, गोव्यातले असोत की परदेशातले, चाचणी तासिकेत दोन गोष्टी पाहाव्यात. ते तुमचे दोन्ही हात दिसतील असा कॅमेरा लावायला सांगतात का, आणि चुकीच्या बोटाने बरोबर सूर वाजवलात तर तुम्हाला थांबवतात का. दुसरी गोष्ट जे करत नाहीत त्यांच्याकडे प्रेमळ स्वभाव असेल, पण तुम्हाला प्रगती दिसणार नाही. शुल्क महिन्याचे महिन्याला भरावे. वर्षभराची वर्गणी सवलतीत मिळते म्हणून एका ठिकाणी मी ती एकदम भरली आणि तिसऱ्या महिन्यात तो अभ्यासक्रम माझ्या उपयोगाचा नाही हे कळले; पैसे अर्थातच परत आले नाहीत.

तासिकेची मांडणी नीट करावी. फोन डोक्याच्या वरून किंवा बाजूने अशा ठिकाणी ठेवावा की पट्ट्या आणि मनगटे दोन्ही दिसतील. स्वयंपाकघरातल्या बरणीला टेकवलेला फोन फक्त आपला चेहरा दाखवतो आणि शिक्षकांना त्याचा काही उपयोग नसतो. व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलण्याव्यतिरिक्तचा आवाज गोंगाट समजून दाबतात, त्यामुळे लांब धरलेला सूर समोर पोहोचेपर्यंत नाहीसा होतो. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे, ती सुरू करावी. आवाज पोहोचायला क्षणाचा उशीर होतच असल्याने शिक्षकांबरोबर एकाच वेळी वाजवण्याचा हट्ट धरू नये. त्यांनी वाजवावे, आपण ऐकावे, मग आपण वाजवावे. गुरूंसमोर बसून घेतलेल्या तालमीची ज्यांना सवय आहे त्यांना हे मुळीच परके वाटणार नाही.

पहिला महिना: काळ्या पट्ट्या

बहुतेक अभ्यासक्रम पांढऱ्या एकपासून, म्हणजे ‘सी’पासून सुरू होतात. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी ती पांढरी एक. तेथे षड्ज, म्हणजे सा, धरला की सगळे शुद्ध स्वर पांढऱ्यांवर येतात, हे सोयीचे आहे. तरीही रागांची ओळख असलेल्या माणसाने पहिले दोन आठवडे काळ्या पट्ट्यांवर घालवावेत असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे.

एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच, पांढऱ्या एकपासून उजवीकडे क्रमाने मोजलेल्या. काळी तीनला षड्ज मानून फक्त काळ्यांवर चढत गेलात तर सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूप राग. त्याच पाच पट्ट्यांवर काळी एकला षड्ज माना, सा रे म प ध येतात आणि दुर्गाचे स्वर उभे राहतात. काळी चारपासून मधमाद सारंग, काळी दोनपासून धानी आणि काळी पाचपासून मालकंस. हात तोच, पट्ट्या त्याच, फक्त षड्ज हलतो. एकही चुकीची पट्टी लागण्याची शक्यता नसल्याने नजर हातावर खिळत नाही आणि कान मोकळा राहतो. हाताच्या ठेवणीलाही काळ्या पट्ट्या मानवतात, कारण मधली लांब बोटे उंचावरच्या काळ्या पट्ट्यांवर सहज टेकतात. शोपँसारखा पियानोवादकही आपल्या विद्यार्थ्यांना पाचही काळ्या पट्ट्या येणारे ‘बी मेजर’ हे सप्तक आधी देत असे, ते याच कारणाने.

आता डावा हात. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त तंबोरा व्हावे. भूप वाजवताना करंगळीने काळी तीन आणि अंगठ्याने काळी एक, म्हणजे सा आणि प, आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एकत्र दाबावेत, चार मात्रा धरावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत. उजव्या हाताने काहीही न वाजवता हे एक मिनिट नीट करून पाहावे. वाटते त्याहून ते अवघड आहे. दुर्गा, सारंग आणि धानी यांनाही सा-प चालतो. मालकंसात पंचम (प) वर्ज्य असल्याने तेथे डाव्या हातात सा-म घ्यावा लागतो. तंबोरा ज्यांच्या कानावर आहे त्यांना हे सांगावेही लागत नाही, आणि परदेशी अभ्यासक्रमात हे कोणी सांगतही नाही.

एक मर्यादा मात्र मान्य करावी. पियानोचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले आहेत. दोन पट्ट्यांच्या मध्ये जागा नाही, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, दरबारी रागातल्या डोलणाऱ्या गंधाराला थारा नाही. पेटीवरही हाच आक्षेप होता आणि त्यापायी १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर जी बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. तेव्हा रागाची सुरावट ओळखीची वाट म्हणून वापरावी, पियानोवर राग मांडण्याचा आव आणू नये.

बोटांचे क्रमांक आणि चार कॉर्ड

दोन्ही हातांत अंगठा एक आणि करंगळी पाच. पांढऱ्या एकच्या सप्तकात उजवा हात सा रे ग एक-दोन-तीनने वाजवतो, मग अंगठा तळव्याखालून मध्यमावर सरकतो आणि पुढचे पाच स्वर एक ते पाच. डावा हात करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सा ते प चढतो, मग मधले बोट अंगठ्यावरून ओलांडून धैवतावर येते. आपल्याकडे अनेक हौशी पेटीवादक दोन-तीन बोटांवरच सगळे भागवतात आणि अंगठा वाऱ्यावर ठेवतात. ही सवय मोडायला मला पाच आठवडे लागले. अनामिका सुरुवातीला ऐकत नाही, कारण तिचे आणि शेजारच्या बोटांचे स्नायुबंध एकमेकांत गुंतलेले असतात. तिच्यावर जोर देऊ नये, वेग कमी करावा.

यानंतर चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, शिकावेत. सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे आणि ध-सा-ग. पाश्चात्त्य भाषेत हे सी, एफ, जी आणि ए मायनर. हलक्याफुलक्या गाण्यांपैकी कितीतरी गाणी या चारांत बसतात. कोणत्या जागी कोणता कॉर्ड हे ठरवण्याची साधी रीत अशी: ओळीच्या समेवर जो स्वर ठसठशीत येतो तो ज्या कॉर्डात आहे तो लावून पाहावा, कानाला खटकला तर दुसरा लावावा. प्रत्येक स्वरावर कॉर्ड बदलण्याची हौस नवशिक्याला फार असते आणि तिने चाल गुदमरते. अभंगाच्या किंवा रागावर बांधलेल्या चालीत तर पुष्कळदा सा-प हाच सर्वांत चांगला कॉर्ड ठरतो.

कॉर्ड एकदम दाबणे जमले की तो मोडून वाजवावा. केरव्याच्या आठ मात्रांत डाव्या हाताने सा प ग प, सा प ग प असे फिरवले की विरणाऱ्या सुरांच्या जागा भरतात आणि मघाचा तो कोरडेपणा जातो. दादऱ्याच्या सहा मात्रांत सा ग प, सा ग प पुरते. हे डाव्या हाताचे फिरणे रोज पाच मिनिटे एकटेच वाजवावे, दूरदर्शनवर बातम्या चालू असताना वाजवले तरी चालेल. लक्ष दुसरीकडे असतानाही ते चालू राहिले पाहिजे, तेव्हाच उजव्या हाताला त्यावर गाता येते.

एक गाणे बसवणे

पहिले गाणे आवडते असावे, पण सर्वांत आवडते नसावे. त्यात मुरक्या कमी, लय मध्यम आणि चाल एका सप्तकात फिरणारी असावी. लहानपणीचे एखादे बालगीत किंवा सोपी आरती यासाठी उत्तम. मुखडा दोन-दोन आवर्तनांच्या तुकड्यांत कापावा. प्रत्येक तुकडा आधी तोंडाने सरगमात म्हणावा, मग उजवा हात, मग डावा हात आणि शेवटी दोन्ही हात मूळ लयीच्या निम्म्याने. मेट्रोनोम किंवा तबल्याचे ॲप मिनिटाला ६० मात्रांवर ठेवावे. व्हिडिओवरून एखादी जागा ऐकायची असेल तर गती ०.५ किंवा ०.७५ करावी, सूर तोच राहतो.

दोन हात एकत्र आणताना जे होते ते आधी ठाऊक असलेले बरे: उजव्या हाताला जे बिनचूक येत होते तेही मोडते. ही पीछेहाट नाही, मेंदूला एकाच वेळी दोन हिशेब ठेवायचे असतात, म्हणून असे होते. अशा वेळी उजवा हात सोपा करावा, फक्त समेचे स्वर वाजवावेत, पण डावा हात थांबवू नये. आपण नेमके उलटे करतो. अडलो की डावा सोडून देतो आणि चाल पुढे रेटतो, कारण चाल आपल्याला येत असते.

तुकडे जुळवताना शेवटच्या तुकड्यापासून मागे यावे. सुरुवातीपासून वाजवत गेले की पहिली ओळ दोनशे वेळा आणि शेवटची दहा वेळा वाजते, आणि लोकांसमोर गाणे नेमके शेवटी फसते. दिवसाला वीस मिनिटे पुरतात, मात्र ती रोजची असावीत. रविवारी तीन तास बसून भरपाई होत नाही. आठवड्यातून एकदा फोनवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना न कळलेली घाई ऐकताना कळते. माझे पहिले गाणे दोन्ही हातांनी बसायला सात आठवडे लागले, दुसरे तीन आठवड्यांत बसले.

स्वरलिपीविषयी थोडेच. भातखंडे पद्धतीने (सा रे ग म अक्षरांत) लिहिता येत असेल, तर चाल त्याच लिपीत लिहून वर कॉर्डांची नावे घालावीत, पहिले वर्षभर हे चालते. पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी सवडीने शिकावी, कारण डाव्या हाताने नेमके काय करायचे हे तीच स्पष्टपणे दाखवते.

आपल्या गावाच्या हवेविषयीही दोन वाक्ये. पावसाळ्यातली ओल खिडकीजवळच्या कीबोर्डात शिरते आणि पट्ट्या चिकटू लागतात, म्हणून वाद्य भिंतीपासून थोडे दूर, कापडी आच्छादनाखाली ठेवावे. वळिवाचे ढग आले की अडॅप्टर भिंतीतून काढावा.

कोणी गाणार असेल तर

गाणे बसल्यावर घरातले कोणीतरी गुणगुणू लागतेच, आणि तेव्हा कळते की आपण पांढरी एकमध्ये वाजवतो आहोत आणि वहिनींचा गळा काळी चारचा आहे, म्हणजे त्यांचा सा तेथे लागतो. सर्व कॉर्ड काळी चारमध्ये नव्याने शिकायला वर्ष जाईल. कीबोर्डावर ‘ट्रान्सपोज’ नावाचे बटण असते. ते उणे चारवर नेले की हात पांढरी एकचेच राहतात आणि सूर काळी चारचे उमटतात. काळी पाचसाठी उणे दोन, काळी एकसाठी अधिक एक. पेटीवाले जाणकार या बटणाला नाक मुरडतात आणि त्यांचे म्हणणे खरेही आहे, कारण त्याच्या आधाराने बोटे आळशी होतात. म्हणून सवडीने निदान एका दुसऱ्या पट्टीला सा मानून हाताने वाजवायला शिकावे. तोवर बटण वापरावे, पण गाणे संपले की ते शून्यावर आणून ठेवावे. मी एकदा विसरलो, आणि दुसऱ्या दिवशीच्या तासिकेत सर पंधरा मिनिटे माझे कान तपासत बसले होते.